वाटता न येणारी बाकी

साल १८१५. बिदरजवळ दामरगिद्द्याच्या माळावर तुम्ही उभे आहात. मुलूख निजामाचा, गादीवर सिकंदरजाह. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई अजून तीन वर्षं चालायची आहे. तुमच्या उत्तरेला देगलूर, वायव्येला उदगीर. पुढ्यात तिवयांवर लांबट लाकडी पेट्यांची रांग मांडलेली आहे आणि पेट्यांत शंभर फुटांची पोलादी साखळी ताणून ठेवली आहे. साखळीला लागून थर्मामीटर आहेत, कारण उन्हानं पोलाद वाढतं आणि त्या वाढीचाही हिशेब ठेवायचा असतो. खलाशी साखळी अलगद उचलतात, पुढच्या पेट्यांत बसवतात, टोकाची खूण तपासतात. पुन्हा तेच. अशी मैलोन् मैल जाणारी एक सरळ रेषा इथे मोजली जाते आहे.

हे काम इंग्रज मोजणीदार विल्यम लॅम्बटनचं. १० एप्रिल १८०२ ला त्यानं मद्रासला पहिली आधाररेषा मोजायला घेतली आणि तिथून त्रिकोणांमागून त्रिकोण जोडत तो इथवर आला. रीत सोपी आहे. एकच रेषा हातानं मोजायची. मग तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीवरचं निशाण बघून कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू त्रिकोणमितीनं निघतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण. कोन घ्यायचं थिओडोलाइट अर्धा टन वजनाचं आहे. ते टेकडीवर चढवताना खलाशांचा दम निघतो.

आता कागद घ्या आणि एका त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळवा. शाळेत शिकलात ते १८० अंश यायला हवेत. समजा, ५० किलोमीटर बाजूंच्या त्रिकोणात तुमची बेरीज १८० अंशांपेक्षा ९ विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जास्त आली. घाबरू नका, पण ही ९ विकलांची बाकी पुसूनही टाकू नका. तिच्यातल्या साधारण साडेपाच विकला पृथ्वीच्या आहेत. जमीन गोल असल्यामुळे मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० च्या वर जाते, दर १९६ चौरस किलोमीटरला सुमारे एक विकला. उरलेल्या साडेतीन विकला तुमच्या डोळ्याच्या, हवेच्या, यंत्राच्या. त्या तीन कोनांत सारख्या वाटून टाकायच्या. मोजणी करणारे हेच करतात: आधी पृथ्वीचं पृथ्वीला देतात, मग चूक वाटतात. सगळ्या नऊच्या नऊ विकला वाटल्या तर कागदावर त्रिकोण झकास जुळेल, पण तुम्ही पृथ्वी सपाट करून टाकलेली असेल.

हे काम किती चोख होतं, ते बघायला १८४१ मध्ये या. मोजणीचं तेच काम पुढे चालवणारा अँड्र्यू वॉ ही बिदरची आधाररेषा नव्या यंत्रांनी पुन्हा मोजतो आहे. मध्य भारतातल्या सिरोंजहून चारशेच्या वर मैलांची त्रिकोणांची साखळी उतरत आली आहे आणि तिच्या आधारानं या रेषेची लांबी आधीच काढून ठेवलेली आहे. सुमारे आठ मैलांची रेषा, आणि गणित व प्रत्यक्ष यांत फरक काही इंचांचा.

माझं म्हणणं याच ठिकाणी सुरू होतं. जागोजागची माहिती जोडत सगळ्या मुलखाचं चित्र करायला गेलं की बहुतेक वेळा काही बाकी उरते. काही बाकी वाटून टाकता येते, काही येत नाही. कोणती कुठली, हे नेमकं सांगणारं शास्त्र विसाव्या शतकात तयार झालं आणि त्याला शीफ कोहोमॉलॉजी म्हणतात. नांदेड-लातूरच्या एम. एस्सी.च्या मुलांपर्यंत ते पोचतं तेव्हा बाणांच्या रांगा आणि चौकोनी आकृत्या घेऊन येतं, आणि मुलं ते परीक्षेपुरतं पाठ करतात. म्हणून तुम्हाला हिंडवतो आहे.

साल १९११, लातूर. बार्शी लाइटची छोटी गाडी नुकतीच इथवर आली आहे. रूळ टाकायचे म्हणजे आधी चढ-उतार काढावे लागतात. एकानं दुर्बीण समतल लावायची, दुसऱ्यानं आकडे रंगवलेली पट्टी दूर उभी धरायची. यात गावाची उंची कधीच थेट मोजली जात नाही. इथून तिथे किती चढलो, किती उतरलो, एवढंच कळतं.

लातूर, औसा, निलंगा अशी तीन गावं घ्या. आकडे मी सोयीचे धरतो. लातूरहून औशाला १२ मीटर चढ, औशाहून निलंग्याला ४० मीटर उतार, निलंग्याहून परत लातूरला २८ मीटर चढ. बारा वजा चाळीस अधिक अठ्ठावीस: शून्य. फेरा जुळला. तिसरा आकडा २९ आला असता तर एक मीटर बाकी उरली असती आणि कोणत्याही तीन उंची कल्पून हे तीन फरक आणता आले नसते.

इथे तीन टप्पे आहेत. पहिल्यात तीन गावांच्या तीन उंची. दुसऱ्यात तीन फरक. तिसऱ्यात फेऱ्याची एक बेरीज. उंचींवरून फरक निघतात, फरकांवरून बेरीज. आता दोन गोष्टी नीट बघा. तिन्ही गावं एकदम दहा मीटर वर उचलली तरी फरक तेच राहतात. उंचीचं शून्य समुद्रसपाटीला धरायचं की लातूर स्टेशनच्या पायरीला, हे फरकांना कळत नाही. आणि खऱ्या उंचींपासून आलेल्या फरकांची बेरीज कायम शून्य असते. उलट बेरीज शून्य असली की ते फरक कुठल्या तरी उंचींपासूनच आलेले असतात. एका टप्प्यातून जे बाहेर पडतं, नेमकं तेच पुढच्या टप्प्यात शून्य होतं. कमीही नाही, जास्तही नाही. गणितात अशा रांगेला एक्झॅक्ट सिक्वेन्स म्हणतात. सामायिक उचल १, उंची ३, फरक ३, बेरीज १. एकाआड एक वजा करत जा: १ वजा ३ अधिक ३ वजा १. शून्य. एक्झॅक्ट रांगेत हे असंच येतं. पहिले तीन आकडे माहीत असले की चौथा मोजावा लागत नाही, आणि या विषयातली निम्मी मिळकत इथूनच होते.

पण लातूरची बाकी ही शेवटी मोजणीची चूक होती. जमिनीला उंची आहे, म्हणून चूक वगळली तर फेरा जुळायलाच हवा. एक मीटर तिन्ही फरकांत वाटून दिला की काम झालं. जी बाकी चूक नसते, ती बघायला मागे जावं लागेल.

मे १६३१, कंधार. नांदेडच्या नैर्ऋत्येला, मन्याडच्या खोऱ्यात. ऊन असं की सावलीतला दगडही भाजतो. किल्ला निजामशाहीचा, ही अहमदनगरची निजामशाही, मघाच्या हैदराबादच्या निजामाशी तिचा संबंध नाही. बाहेर शाहजहानची फौज नसीरी खानाच्या हुकमतीखाली वेढा घालून बसली आहे. विंडसरच्या राजसंग्रहात पादशाहनाम्याचं, म्हणजे शाहजहानच्या बखरीचं, जे हस्तलिखित आहे, त्यात पयाग या चित्रकारानं हाच वेढा रंगवला आहे: सुरुंगांचा धूर, हत्ती, तट. अफगाणिस्तानातलं कंदाहार समजून ते चित्र बघणारे बघत असतील, पण ते आपलं कंधार आहे.

किल्ला भुईकोट आहे. भोवती रुंद खंदक, खंदकात पाणी. आत तुम्हाला जाता येत नाही. भोवतीनं मात्र फिरता येतं, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

किल्ल्याच्या मधोमध एक निशाण आहे असं समजा आणि चालताना नजर त्याच्यावरच ठेवा. तुम्ही दक्षिणेला आहात, निशाण उत्तरेला. उत्तर म्हणजे शून्य अंश. आता पश्चिमेकडून वळसा घ्या. पश्चिमेच्या तटासमोर आलात तेव्हा निशाण पूर्वेला, ९० अंश. उत्तरेच्या बाजूला पोचलात, निशाण दक्षिणेला, १८०. पूर्वेकडून बघताना ते पश्चिमेला, २७०. चालत राहा. मूळ जागी आलात, निशाण पुन्हा उत्तरेला. पण अंश मोजत आला असाल तर तुमच्या तोंडी आकडा आहे ३६०. निघताना याच जागी, याच निशाणाकडे बघून तुम्ही शून्य म्हणाला होतात.

फौजेच्या चार मोर्च्यांवर चार मुन्शी बसवा. प्रत्येकानं आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक जागेवरून निशाण किती अंशांवर दिसतं, ते लिहायचं. पट्टे कडेला थोडे एकमेकांवर येतात. दक्षिणेचा मुन्शी उणे ५० ते ५० लिहितो. पश्चिमेचा ४० ते १४०. उत्तरेचा १३० ते २३०. पूर्वेचा २२० ते ३२०. आता सामायिक जागा तपासा. दक्षिण-पश्चिम: दोघांचेही आकडे ४० ते ५०, फरक शून्य. पश्चिम-उत्तर: शून्य. उत्तर-पूर्व: शून्य. पूर्व-दक्षिण: एकाकडे ३१० ते ३२०, दुसऱ्याकडे उणे ५० ते उणे ४०. फरक ३६०, म्हणजे एक पूर्ण फेरा.

कुणाचं चुकलं? कुणाचंच नाही. चारही वह्या आपापल्या जागी बिनचूक आहेत. दक्षिणेच्या मुन्शीला सांगा, बाबा, तुझ्या सगळ्या आकड्यांत ३६० मिळव; निशाण तर तिथेच दिसणार आहे. तो मिळवतो. पूर्वेशी त्याचं जुळतं आणि लगेच पश्चिमेशी बिघडतं. मग पश्चिमेच्याला मिळवायला लावा, उत्तरेशी बिघडेल. बिघाड किल्ल्याभोवती सरकत राहतो, संपत नाही. चारही सांध्यांवरच्या फरकांची बेरीज कायम एक फेराच येते. ती एक म्हणजेच पहिल्या कोहोमॉलॉजीतला घटक, अडथळ्याचा आकडा.

आणि तो आकडा किल्ल्यामुळे आहे. खंदक बुजवून, तट पाडून सगळं मैदान मोकळं केलं, निशाणही काढून घेतलं, आणि मैदानाच्या प्रत्येक जागेवर, अगदी मधल्या जागेवरसुद्धा, एकेक दिशा नेमून दिली, शेजारच्या दिशांशी जुळणारी, कुठेही अचानक उडी न घेणारी. तर त्या दिशांना फेरा पडूच शकत नाही. मधे जायला जागा नाही म्हणून एक उरतो. मुन्श्यांच्या वह्या बाहेरूनच भरल्या आहेत आणि तरी आत पोकळी आहे हे त्यांच्यावरून कळतं. मला हे गणितातल्या सर्वांत मोठ्या शोधांपैकी एक वाटतं आणि ते अकरावीच्या मुलाला अर्ध्या तासात दाखवता येतं.

आता हेच रांगेत मांडू. तीन शीफ घ्या. शीफ म्हणजे काय, तर प्रत्येक पट्ट्यावर लिहिता येण्याजोग्या वह्यांची व्यवस्था, दोन अटींसह: मोठ्या पट्ट्यावरची वही छोट्या पट्ट्यापुरती वाचता यावी, आणि सामायिक जागी जुळणाऱ्या वह्या शिवून एकच वही व्हावी. पहिल्या शीफमध्ये नुसते पूर्ण फेरे: ०, १, २, उणे १. दुसऱ्यात मोजलेले कोन, कितीही मोठे. तिसऱ्यात नुसत्या दिशा, ज्यात शून्य आणि ३६० एकच. फेरे कोनांत बसतात. कोनावरून दिशा कळते. दोन कोनांची दिशा एकच असेल तर त्यांत पूर्ण फेऱ्यांचाच फरक असतो. छोट्या पट्ट्यापुरतं सगळं एक्झॅक्ट आहे.

सगळ्या वळशाचा विचार केला की रांग मोडते. निशाणाची दिशा वळशावर सगळीकडे आहे, पण तिला साजेसा सलग कोन नाही. शेवटच्या टप्प्यावर जे यायला हवं होतं ते येत नाही. लाँग एक्झॅक्ट सिक्वेन्सचं काम इथे लागतं: तुटलेल्या टोकाला ती पुढचा दुवा जोडते. दिशेची वही द्या, आणि हा दुवा तुम्हाला फेऱ्यांच्या पहिल्या कोहोमॉलॉजीतला आकडा देतो. आकडा शून्य असेल तर सलग कोन लिहिता येतो, एरवी कदापि नाही. कंधारला तो एक आहे.

या दुव्याच्याही पुढे एक टप्पा आहे, कोनांची पहिली कोहोमॉलॉजी, आणि ती शून्य आहे. का, ते मुन्श्यांवरून कळतं. त्यांना फक्त पूर्ण फेरेच मिळवायची अट होती. ती उठवा आणि जागेगणिक बदलणारी कोणतीही संख्या मिळवायची मोकळीक द्या. मग ३६० अंशांचा बिघाड हळूहळू पसरून देता येतो: पश्चिमेच्या पट्ट्यात थोडा, उत्तरेच्या पट्ट्यात थोडा, असं करत वळशावर सगळा जिरतो. दामरगिद्द्याला साडेतीन विकला वाटल्या, तोच हा डाव. सगळ्या वह्या जुळतात. फक्त आता त्यांत लिहिलेल्या आकड्यावरून निशाण कुठे आहे ते कळत नाही! सलग संख्यांत बाकी वाटता येते, पूर्ण फेऱ्यांत येत नाही. एकाच रांगेत दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या असतात, आणि पुढचा टप्पा शून्य असल्यामुळे हेही कळतं की दोन फेऱ्यांची, सात फेऱ्यांची, उलट्या तीन फेऱ्यांची दिशाही या वळशावर असू शकते. प्रत्येक पूर्णांक कुठल्या ना कुठल्या दिशेपासून येतोच.

पुढचा प्रवास लांबचा आहे, शीफची कल्पना जिथे घडली तिथवरचा. ऑस्ट्रियातलं एडेलबाख, जर्मनांची युद्धकैद्यांची छावणी, ऑफ्लाग १७-अ. १९४० मध्ये पकडलेले फ्रेंच अधिकारी इथे पाच वर्षं कोंडलेले आहेत. बराकींत त्यांनी विद्यापीठ उभं केलं आहे. भूगर्भशास्त्र, भ्रूणशास्त्र, गणित, रीतसर वर्ग आणि परीक्षा. कुलगुरू आहे गणिती जाँ लरे. द्रवांच्या गतीवरचं त्याचं १९३४ चं काम जगाला माहीत आहे, आणि तेच तो लपवतो आहे. जर्मनांना कळलं तर युद्धकामाला जुंपतील, म्हणून आपण टोपॉलॉजीवाले आहोत असं सांगून तो खरोखरच टोपॉलॉजी करायला बसला आहे. सप्टेंबर १९४३ मध्ये याच छावणीतून भुयार खणून १३२ जण पळतात. लरे मागे राहतो, लिहितो. सुटकेनंतर १९४६ च्या त्याच्या टिपणांत शीफची कल्पना छापील रूपात येते.

त्यानंतरचा वेग थक्क करणारा आहे. केली आणि पिचर यांच्या १९४७ च्या लेखानं एक्झॅक्ट हा शब्द रुळतो. पॅरिसला आंरी कार्तां आपल्या सेमिनारमध्ये लरेची अवघड मांडणी उलगडून नव्यानं बांधतो. १९५५ मध्ये सेर ती बीजभूमितीत आणतो. १९५६ मध्ये कार्तां आणि आयलेनबर्ग यांचा होमॉलॉजिकल अल्जिब्राचा ग्रंथ, १९५७ मध्ये जपानच्या तोहोकू नियतकालिकात ग्रोथेंडीकचा दीर्घ लेख, ज्यात हे सगळं एकाच चौकटीत बसतं: शीफची कोणतीही छोटी एक्झॅक्ट रांग द्या, तिच्यापासून लांब रांग आपोआप निघते.

तुम्ही मात्र १९५६ मध्ये मुंबईला या. अपोलो बंदर, गेटवेजवळची जुन्या यॉट क्लबची इमारत. टाटा मूलभूत संशोधन संस्था सध्या इथे आहे. कुलाब्याची वास्तू व्हायची आहे. गणित विभागाची घडी के. चंद्रशेखरन यांनी बसवली आहे: बाहेरून जाणता गणिती बोलवायचा, त्यानं महिनोन् महिने शिकवायचं, आणि तरुण संशोधकांनी टिपणं काढून ती पुस्तकरूपानं छापायची. १९५५ मध्ये लोराँ श्वार्ट्झ यांच्या व्याख्यानांची टिपणं एम. एस. नरसिंहन यांनी काढली. आता फळ्यासमोर आहेत सी. एच. डाउकर, विषय शीफ थिअरी, आणि टिपणं काढताहेत एस. व्ही. अडवी आणि एन. रामभद्रन. लरेच्या टिपणांना फक्त दहा वर्षं झाली आहेत. तोहोकूचा लेख अजून छापून यायचा आहे. अशा वेळी मुंबईत हा विषय पहिल्यापासून, सिद्धतांसह, मुलांना शिकवला जातो आहे. आपल्याकडे नवीन गणित उशिरा येतं, ही तक्रार या बाबतीत खोटी आहे. ते वेळेवर आलं होतं. मुंबईहून मराठवाड्यात यायला त्याला उशीर झाला.

त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातून उस्मानाबादकडे आले. मुधोळ, भैंसा नांदेडकडून आंध्र प्रदेशात गेले. लातूर जिल्हा व्हायला १९८२ उजाडायचं होतं. नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू होऊन सहा वर्षं झाली होती.

जानेवारी १९६८. कुलाबा, समुद्राला लागून असलेली संस्थेची नवी वास्तू, बीजभूमितीवरचा आंतरराष्ट्रीय परिसंवाद. त्याच्या इतिवृत्ताचा खंड पुढच्या वर्षी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं काढला. त्यातला ग्रोथेंडीकचा लेख जेमतेम सात पानांचा आहे. त्यात मांडलेली प्रमाण अनुमानं आजही बरीचशी सुटलेली नाहीत. नरसिंहन आणि रामनन, शेषाद्री, मम्फर्ड, मायकेल आर्टिन यांचे लेख त्याच खंडात आहेत. आणि आहेत श्रीराम शंकर अभ्यंकर.

अभ्यंकरांपाशी जरा थांबा. जन्म १९३० चा, उज्जैनचा. वाढले ग्वाल्हेरला, वडील गणिताचे प्राध्यापक. मुंबईत शिकून हार्वर्डला झारिस्कींकडे गेले, पुढे पर्ड्यूला स्थिरावले आणि १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं. बहुपदी, घातश्रेणी, हातानं केलेली आकडेमोड यांवर त्यांचा जीव. शीफ आणि कोहोमॉलॉजीच्या लाटेला त्यांनी उघड विरोध केला. शाळेतल्या बीजगणितानं जे होतं ते त्यानंच करावं, हा त्यांचा हट्ट. तो हट्ट पोकळ नव्हता. १९५७ मध्ये त्यांनी एक अनुमान मांडलं होतं: जिथे p वेळा एक मिळवले की शून्य होतं अशा संख्याविश्वात, एका साध्या सरळ रेषेवर फाटा न फुटणारी आच्छादनं किती प्रकारची असू शकतात. नेहमीच्या संख्यांत उत्तर कंटाळवाणं आहे, तशी आच्छादनं नसतातच. इथे मात्र अभ्यंकरांनी समीकरणं लिहून लिहून पाहिलं आणि म्हटलं, जे सांत ग्रुप p च्या घाताच्या क्रमाच्या घटकांपासून पुरते तयार होतात, ते सगळेच्या सगळे अशा आच्छादनांचे ग्रुप म्हणून येतात.

सदतीस वर्षं ते तसंच राहिलं. १९९० मध्ये सेरनं एक मोठा भाग सोडवला, कोहोमॉलॉजीच्या जोरावर. १९९४ मध्ये रेनो यांनी रेषेपुरतं आणि हारबेटर यांनी सर्व अफाइन वक्रांसाठी ते सिद्ध केलं, आणि त्यात कळीचं साधन होतं तुकडे जोडणं: छोट्या छोट्या जागांवर आच्छादनं बांधायची आणि ती सांध्यांवर जुळवून एकसंध करायची. बहुपदींवर विसंबलेल्या मराठी गणितज्ञानं हातानं उदाहरणं करून सत्य ओळखलं, आणि ते सिद्ध झालं जोडकामाच्या शास्त्रानं. अभ्यंकर की ग्रोथेंडीक, असा पक्ष घ्यायची मला गरज वाटत नाही. उदाहरण हातानं केल्याशिवाय काय सिद्ध करायचं ते सुचत नाही आणि रांगेशिवाय ते पुरतं सिद्ध होत नाही. आपल्या वर्गांत मात्र उदाहरण वगळून रांग शिकवली जाते, आणि तिथेच मुलं तुटतात.

त्याच १९९४ च्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तीच्या दिवशी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणीची कॉलेजं त्याला जोडली गेली. ज्यांचं नाव दिलं ते स्वामीजी स्वतः शिक्षक होते. मराठवाड्यातल्या खेड्यात त्यांनी शाळा चालवली होती. आज लातूर पॅटर्नचं नाव देशभर आहे आणि या दोन शहरांतल्या मुलांची मोजण्याची, पाठ करण्याची, रात्र रात्र बसण्याची ताकद कुणी नाकारू शकत नाही. त्यांतली फार थोडी शुद्ध गणिताकडे येतात, आणि येतात त्यांनाही आपल्या गावचा किल्ला हे पहिल्या कोहोमॉलॉजीचं उदाहरण आहे हे कुणी सांगत नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती. लाँग एक्झॅक्ट सिक्वेन्सच्या पहिल्या तासाला आकृती काढू नका. लातूर-औसा-निलंगा मांडा, तीन आकडे द्या, बाकी काढायला लावा. दुसऱ्या तासाला कंधारभोवती चार मुन्शी बसवा आणि मुलांनाच ३६० इकडून तिकडे सरकवू द्या, थकेपर्यंत. बाण तिसऱ्या तासाला काढा, आणि हे सगळं मराठीत बोला. परीक्षेचा पेपर इंग्रजीत असला तरी बिघडत नाही. आणि विद्यार्थ्यांना एवढंच सांगतो: डाउकर यांची १९५६ ची ती टिपणं टाटा संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. टोपॉलॉजीचा एक कोर्स झाला असेल तर वाचता येतात.